विद्यार्थ्याशी नाते

मुलाला शाळेत ‘घालतात’ अशी मराठीची रूढ वाक्प्रथा आहे. परंतु झाडीपट्टीत, विशेषतः चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या वनप्रदेशात, मूल आश्रमशाळेत द्यावयाचे असले म्हणजे माणसे त्याला ‘टाकतात’. ‘पोराले आश्रमशाळेत टाकलं जी,’ असे बाप सांगतो, आणि सांगताना त्याच्या स्वरात खंत असतेच असे नाही. हे क्रियापद प्रथम कानी पडले तेव्हा ते मला बोचले होते. कारण टाकलेली बायको, टाकून दिलेले अन्न, टाकून बोललेला शब्द या सर्वांच्या पंक्तीला ते मूल जाऊन बसल्यासारखे वाटले. पुढे त्या भागात जाणे-येणे वाढल्यावर कळले की तिथे पावसाच्या तोंडावर धानाचे पऱ्हेही टाकतात, आणि तेच रोप महिन्याभराने उपटून रोवणीला नेतात. शिवाय आपल्या नित्याच्या बोलण्यातही ज्याच्यावर आपण भार टाकतो, विश्वास टाकतो, त्याला आपण सोडलेले नसून घट्ट धरलेले असते. त्याग आणि विश्वास या दोहोंना भाषेने एकच क्रियापद द्यावे, यात त्या बापाच्या मनाची नेमकी अवस्था पकडली गेली आहे. आपण मुलाला टाकले की सोपवले, हे त्याला त्या दिवशी ठाऊक नसते; पलीकडचा माणूस कसा निघतो यावर ते मागाहून ठरावयाचे असते.

धानोऱ्याच्या पूर्वेला, रानाच्या पोटात असलेल्या एका शासकीय माध्यमिक आश्रमशाळेत माझे एक स्नेही मुख्याध्यापक होते, आणि त्यांच्या आग्रहावरून एका जून महिन्याच्या अखेरीस मी तिथे मुक्कामास होतो. विदर्भातील शाळा उन्हाच्या कारणाने उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, त्यामुळे शाळेचा पहिला दिवस आणि पहिला खरा पाऊस यांची गाठ पुष्कळदा एकाच आठवड्यात पडते. शाळा लहान होती. नववी आणि दहावी हे वरचे दोन वर्ग मिळून तीसही मुले नव्हती. त्या दिवशी दुपारी, एसटीच्या फाट्यापासून चिखल तुडवीत, डोक्यावर पत्र्याची पेटी घेतलेला एक गोंड गृहस्थ आणि त्याच्यामागे तेरा-चौदा वर्षांचा त्याचा मुलगा असे दोघे ओसरीवर येऊन उभे राहिले. आठवीपर्यंतची शाळा मुलाने दुसरीकडे संपवली होती. नववीसाठी त्याला इथे टाकावयाचे होते.

कारकुनाने दाखल-खारिजाचे दप्तर काढले, अर्ज भरला, बापाचा अंगठा घेतला. अर्जात पालकाच्या नावाखाली आणखी एक रकाना होता: अडीअडचणीला कळवावयाच्या स्थानिक व्यक्तीचे नाव, आणि त्यापुढे ‘विद्यार्थ्याशी नाते’. बापाचे गाव दोन नाल्यांच्या पलीकडे, पाऊस लागला म्हणजे निरोप पोहोचण्याची शाश्वती नाही. जवळपास सोयरा कोणी नाही. मुख्याध्यापकांनी क्षणभर थांबून आपलेच नाव लिहावयास सांगितले. कारकुनाने लिहिले, आणि लेखणी पुढच्या रकान्यावर धरून विचारले, ‘सर, नाते काय लिहू?’ सर म्हणाले, ‘आत्ता कोरे ठेवा.’

तोवर ओसरीच्या कोपऱ्यात बापाने पेटी उघडून आतले दोन कपडे, थाळी आणि एक घोंगडी पुन्हा एकवार पाहून घेतली होती. त्याने कुलूप लावले, ओढून पाहिले, परत उघडले, परत लावले. मग गुडघ्यावर बसून त्याने मुलाचा सदरा वर केला आणि किल्ली त्याच्या कमरेच्या करदोड्याला दोन गाठी मारून बांधली. निरोपाचा शब्द कोणी उच्चारला नाही. गाठ पक्की झाली की नाही ते अंगठ्याने चाचपून पाहिले, आणि तो पावसात उतरला.

त्या कोऱ्या रकान्याने माझ्या मनात जो प्रश्न उभा केला, तो केवळ शिक्षणखात्याचा नाही. तो धर्माचा आहे, आणि धर्म हा शब्द मी इथे पूजाअर्चेच्या अर्थाने न घेता माणसाला माणसाशी धारण करून ठेवणारे तत्त्व या त्याच्या मूळ अर्थाने घेत आहे. प्रश्न असा की, जे मूल आपले नाही त्याचे आपण कोण लागतो? आधी नाते असते आणि त्यातून कर्तव्य निपजते, असा आपला सर्वसामान्य समज आहे: बाप आहे म्हणून पोसतो, मामा आहे म्हणून भाच्याच्या पाठीशी उभा राहतो. मग ज्या मुलाशी रक्ताचा, गावाचा, जातीचा, भाषेचा कोणताही धागा नाही, त्याच्या बाबतीत कर्तव्याचा उगम कोठे शोधावयाचा?

ही मुले अनाथ नव्हेत, हे प्रथम स्पष्ट करावयास हवे. अनाथ म्हणजे ज्याला नाथ नाही, रक्षणकर्ता नाही, तो. यांचे आईबाप जिवंत आहेत, बहुधा चालत्या हातापायांचे आहेत, आणि त्यांचे मुलावर प्रेम आहे. ते फक्त इथे नाहीत. अरण्याने दोन-तृतीयांशाहून अधिक भूमी व्यापलेल्या गडचिरोली जिल्ह्यात पाड्यापाड्यावर माध्यमिक शाळा असणे शक्य झालेले नाही. भामरागडसारखे तालुक्याचे ठिकाणच पर्लकोटेला पूर आला म्हणजे दिवसेंदिवस तुटून राहते. त्यातच धान निघाल्यावर अनेक कुटुंबे मिरची तोडावयास तेलंगणात जातात आणि वैशाखाच्या आधी तेंदूपत्त्याच्या हंगामाला परततात. घर असते, पण घरात कोणी नसते. अशा मुलाला मराठीत धड नाव नाही. पोरके म्हणावे तर ते पोरके नाही, आणि बाळगलेले म्हणावे तर बाळगणारे हात कोसभर दूर आहेत.

या मुलांसाठी जी संस्था आपण उभी केली तिला नाव दिले आश्रमशाळा, आणि ते नाव विचारपूर्वक दिले गेले होते. ठक्कर बाप्पांनी १९२२ च्या सुमारास दाहोदला भिल्ल सेवा मंडळ स्थापून त्या भागात निवासी शाळांचा पाया घातला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गुरूच्या घरी राहून शिकण्याचीच जुनी कल्पना होती. महाराष्ट्रात १९५३-५४ पासून स्वयंसेवी संस्थांना अशा शाळांसाठी अनुदान मिळू लागले आणि १९७२-७३ पासून शासनाने स्वतः त्या काढल्या. आज राज्यात सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून काही अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत, आणि या दोन जिल्ह्यांतील त्यांचा कारभार गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर व चिमूर येथील पाच प्रकल्प कार्यालयांतून चालतो. अधीक्षक, कामाठी, स्वयंपाकी, शिधा, हजेरीपट, तपासणीचा शेरा, असा तिचा सारा बंदोबस्त कागदावर आखलेला आहे. ‘आश्रम’ आणि ‘शाळा’ या दोन पदांच्या समासात पहिल्या पदाचे काय झाले, एवढाच काय तो शोध घ्यावयाचा उरतो.

हा शोध घेताना मला नेहमी सत्यकाम आठवतो. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातील त्याची कथा आपण शाळेत ऐकलेली असते, पण बहुधा सत्यनिष्ठेचा पाठ म्हणून. प्रवेशाच्या रकान्याची कथा म्हणून ती आपण वाचत नाही. एकटा मुलगा हारिद्रुमत गौतमाच्या दारी येतो, कोणी मोठे माणूस बरोबर नाही. गुरू विचारतात, तुझे गोत्र कोणते? तो सांगतो की मी आईला विचारले होते; तारुण्यात चार ठिकाणी सेवा करीत फिरताना तू मला झालास, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, माझे नाव जबाला, तेव्हा तू सत्यकाम जाबाल, असे तिने सांगितले. गौतम त्याला समिधा आणावयास सांगतात: तू सत्यापासून ढळला नाहीस, मी तुझे उपनयन करतो. रकाना रिकामा राहिला आणि प्रवेश झाला. गोत्राच्या जागी आईचे नाव गेले; महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे अनिवार्य केले, त्याच्या कितीतरी शतके आधी एका मोलकरणीने ते आपल्या मुलाला लावून दिले होते.

या कथेपुढे आपल्याच भूमीतील दुसरी कथा ठेवली म्हणजे पहिलीचे मोल कळते. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर उरलेली आळंदीची चार मुले, थोरला निवृत्ती आणि धाकटी मुक्ताई, शुद्धिपत्रासाठी पैठणला चालत गेली, अशी परंपरा सांगते. त्यांनाही तुम्ही कोणाचे हाच प्रश्न विचारला गेला. शब्द तेच, पण गौतमाने तो आत घेण्यासाठी विचारला आणि पैठणच्या धर्मसभेत तो बाहेर ठेवण्यासाठी विचारला गेला. ज्या मुलांकडे दाखला मागितला गेला त्यांच्यापैकी एकाने पुढे मराठी भाषेला ज्ञानेश्वरी दिली, हे आपण अभिमानाने सांगतो. दाखला मागणारे आपणच होतो, हे सांगताना मात्र आपला स्वर खाली येतो. आज जातपडताळणीच्या आणि रहिवासाच्या कागदांसाठी तहसिलीच्या पायऱ्यांवर बसलेली नववी-दहावीची मुले पाहिली, म्हणजे आपण त्यांना गौतमाच्या स्वरात विचारतो आहोत की पैठणच्या, हा प्रश्न मला सोडत नाही.

सत्यकामाच्या कथेचा पुढचा भाग मला बरीच वर्षे खुपत होता. उपनयन होताच गौतम चारशे कृश, दुबळ्या गाई वेगळ्या काढतात आणि त्यांच्यामागे जा म्हणतात. मुलगाही सहस्र झाल्याखेरीज परतणार नाही असे म्हणून रानात निघून जातो आणि वर्षानुवर्षे तिथेच राहतो. ज्याला आत घेतले त्याला त्याच दिवशी बाहेर घालविले, तर हे घेणे कसले? पण रानात त्याला कळपातील वृषभ शिकवतो, अग्नी शिकवतो, हंस शिकवतो आणि मद्गू नावाचा पाणपक्षी शिकवतो. आणि तो परततो तेव्हा त्याचा चेहरा पाहून गुरू विचारतात, तुला ब्रह्मवेत्त्याचे तेज आले आहे, कोणी शिकवले? सत्यकाम सांगतो, मनुष्यांहून निराळ्यांनी. तरीही तुम्ही शिकवावे. आणि गुरू त्याला तेच शिकवतात, त्यातून काहीही न वगळता.

या अखेरच्या वाक्यात माध्यमिक शिक्षणाचे सारे मर्म आले आहे असे मला वाटते. गडचिरोलीचे मूल नववीत येते तेव्हा ते रानाकडून शिकून आलेले असते. कोणत्या महिन्यात कोणता कंद खोदावा, मोह कोणत्या पहाटे गळतो, अस्वल कोणत्या वाटेने उतरते, हे त्याला येते. ते गोंडी किंवा माडिया बोलते, झाडीबोली समजते, सिरोंच्याकडचे असले तर तेलुगू आणि मुलचेऱ्याकडचे असले तर कदाचित बंगालीही. आपण मात्र त्याच्याशी वागतो ते कोऱ्या पाटीशी वागावे तसे. गुरूने रानाचे शिकवणे खोटे ठरवले नाही, त्यावर फुली मारून नवा धडा घातला नाही. आणि मुलानेही रान पुरेसे आहे असे म्हटले नाही, त्याला ते गुरूच्या मुखातून हवे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्र धरावयाच्या आहेत. माडियांना रानातच राहू द्या, असे म्हणणाऱ्या पंडितांना हा मुलगा उत्तर देतो; आणि त्यांना रानातून सोडवा, असे म्हणणाऱ्या अंमलदारांना त्याचा गुरू उत्तर देतो.

बाप गेल्यावर त्या मुलाने जेवणाला हात लावला नाही. पहिल्या रात्री कोणाच्या लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी अधीक्षकांनी दरडावले, सरांनी समजावले, मुलांनी चिडवले. तो थाळीसमोर मांडी घालून बसे आणि भात तसाच ठेवून उठे. तिसऱ्या सकाळी स्वयंपाकाच्या बाई, ज्यांना सगळी शाळा मावशी म्हणत असे, चूल सोडून बाहेर आल्या आणि त्याच्याशेजारी भुईवर बसल्या. त्यांनी जेव म्हटले नाही. त्यांनी गोंडीत विचारले, असे मला मागाहून कळले, तुझ्या आईचे माहेर कोणते, आणि तिकडचे किती देवांचे? गोंडांची कुळे देवांच्या संख्येने ओळखली जातात, कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात; समान देवांची ती भाऊबंद आणि भिन्न देवांची ती सोयरी, अशी ती सारी रचना आहे. मुलाने खाली पाहतच आकडा सांगितला. बाईंचे माहेरही तेवढ्याच देवांचे निघाले. ‘मग मी तुझी खरीच मावशी की,’ असे काहीतरी त्या म्हणाल्या असाव्यात. मला शब्द कळले नाहीत, पण मुलाने मान वर केली, एवढे दिसले. थोड्या वेळाने तो भात कालवू लागला.

त्याच रात्री मला उपनिषदातील दुसरा प्रसंग आठवला आणि झोप आली नाही. तोच सत्यकाम पुढे आचार्य झाला. त्याच्यापाशी उपकोसल नावाचा शिष्य बारा वर्षे अग्नींची सेवा करीत राहिला. सत्यकामाने इतरांना विद्या देऊन घरी पाठवले, पण याला पाठवले नाही, आणि पत्नीने विनवले तरी काही न सांगता तो प्रवासाला निघून गेला. मुलाने अन्न सोडले. आचार्यपत्नी त्याच्यापाशी येऊन म्हणाली, ब्रह्मचाऱ्या, जेव. का जेवत नाहीस? तो म्हणाला, मनात अनेक वासना सैरावैरा धावताहेत, मी व्यथांनी भरलो आहे, जेवणार नाही. मग ज्या अग्नींची त्याने निगा राखली त्यांनाच दया आली आणि त्यांनी त्याला शिकवले.

ज्याला एकटा आला असता आत घेतले गेले होते, त्याच माणसाला आपल्या घरातील एकट्या मुलाचा विसर पडावा, हे सांगण्याचे धैर्य त्या ऋषींनी दाखवले आहे. सत्यकाम दुष्ट नव्हता. त्याला कामे असतील, इतर शिष्य असतील. मुलाने अन्न सोडल्याचे लक्षात आले ते स्वयंपाकघराच्या, आणि त्या बाईचे नाव उपनिषदाने नोंदवलेले नाही. आश्रमाचा आश्रमपणा कुठे वसतो याचे याहून अचूक उत्तर मला कोणत्याही स्मृतिग्रंथात सापडलेले नाही.

आता राजाचा प्रश्न. शासन पालक होऊ शकते काय? आपल्या परंपरेने याचे उत्तर होकारार्थी दिले आहे. बालक, वृद्ध, व्याधिग्रस्त, संकटग्रस्त आणि अनाथ यांचे भरण राजाने करावे, असे कौटिल्याने जनपदनिवेशाच्या प्रकरणात म्हटले आहे, आणि मुलाचे द्रव्य ते सज्ञान होईतो गावच्या वृद्धांनी सांभाळावे अशी तजवीज सांगितली आहे. मनुस्मृतीनेही बालकाचा वारसा, ते गुरुगृहाहून परतेपर्यंत किंवा त्याचे बाल्य सरेपर्यंत, राजाने राखावा असे सांगितले. या ‘पर्यंत’ शब्दाकडे लक्ष द्यावे. मुदत मुलाच्या वाढीने ठरते, खजिन्याच्या सोयीने नव्हे. आमच्या राज्यघटनेने २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला आणि १ एप्रिल २०१० पासून त्याचा कायदा अंमलात आला, ही थोर गोष्ट. पण हा हक्क सहा ते चौदा वर्षांचा. म्हणजे जो मुलगा त्या पावसात ओसरीवर उभा होता, तो हक्काच्या उंबरठ्यावरून नेमका बाहेर पडत होता. बालन्यायाचा २०१५ चा कायदा त्याला अठरापर्यंत बालक मानतो आणि शिक्षणाचा कायदा चौदाला त्याचा हात सोडतो. नववीचा वर्ग या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत उभा आहे, आणि ती फट कोणा हक्काने भरलेली नसून केवळ कोणाच्या तरी सद्भावाने भरलेली आहे.

शासन भात देऊ शकते, छप्पर देऊ शकते, देतेही. परंतु रात्री कोणते मूल कूस बदलत आहे हे शासनाला दिसत नाही. ते दिसण्याइतके जवळ एखादे माणूसच असावे लागते. आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली, हे आपल्या काळाचे वास्तव आहे. ताप अंगावर काढलेला असतो, सर्पदंश वेळेवर कळलेला नसतो, मूल रडलेले असते आणि कोणी ऐकलेले नसते. तिथे अनुदानाची तूट असते हे खरे, पण त्याआधी दृष्टीची तूट असते.

म्हणून लहान शाळेबद्दल मला बोलावयाचे आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील ब्रह्मचर्यसूक्तात असे म्हटले आहे की, आचार्य शिष्याला जवळ घेताना त्याला आपला गर्भ करतो आणि तीन रात्री आपल्या उदरात धारण करतो. पुरुषाच्या ठायी ही गर्भाची प्रतिमा योजणारा कवी शिक्षणाविषयी जे जाणत होता ते आमच्या शिक्षणखात्याच्या परिपत्रकांत शोधूनही मिळत नाही. उदरात पाचशे मावत नाहीत. वीसपेक्षा कमी पटसंख्येच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार २०२३ साली राज्यात पुढे आला, तेव्हा त्यामागे खर्चाचा हिशेब होता, आणि विषयवार शिक्षक व प्रयोगशाळा लहान शाळेला परवडत नाहीत हा आक्षेपही होता. आक्षेप खोटा नाही. त्या शाळेत विज्ञान आणि गणित एकच शिक्षक शिकवीत, इंग्रजीची जागा रिकामी होती, आणि दहावीच्या मुलांनी त्याची किंमत मोजली असेल. तरीही पट हा शब्द आपण मोजण्यासाठीच वापरू लागलो आहोत याची मला खंत वाटते. मावशींनी त्या मुलाला हेरले, कारण त्यांच्या पंगतीत एक थाळी न उष्टावता परत आल्याचे दिसण्याइतकीच मुले होती. अशी थाळी पाचशेंच्या पंगतीत दिसत नाही, आणि यात पाचशेंना वाढणाऱ्या बाईचा दोष नाही.

मुळात मुलाला आईपासून दूर न्यावेच कशाला, असा याहून खोल आक्षेप आहे, आणि त्याला मी टाळू इच्छित नाही. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि १९७६ मध्ये तिथे शाळा निघाली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांची स्वतःची मुले त्याच शाळेत माडिया मुलांबरोबर शिकली. ‘विद्यार्थ्याशी नाते’ या रकान्याला याहून स्वच्छ उत्तर मी पाहिलेले नाही: जे तुमच्या मुलासाठी, तेच माझ्या मुलासाठी. त्या शाळेतून डॉक्टर झाले, वकील झाले, शिक्षक झाले, आणि त्यांतले काही रानाकडे परत आले. पण त्याच प्रकल्पाने २०१५ साली नेलगुंड्याला साधना विद्यालय काढले ते असे, की मुलांनी सकाळी शाळेत यावे आणि संध्याकाळी आपल्या घरी निजावे. चाळीस वर्षे निवासी शाळा चालवलेल्यांनी हे पाऊल उचलले यात मला पहिल्या कामाचा निषेध दिसत नाही, त्याच कामाचे वय वाढलेले दिसते. जिथे शाळा मुलाकडे जाऊ शकते तिथे ती गेली पाहिजे. नववीच्या वर्गापर्यंत मात्र ती अजून सगळीकडे गेलेली नाही, आणि तोवर कोणी तरी बाप चिखल तुडवीत येणार आहे.

नाते आधी आणि कर्तव्य मागाहून, या समजाला त्या तीन दिवसांत माझ्या मनात तडा गेला. मावशींनी आधी देव मोजले आणि मग मावशीपण पत्करले, असे वरवर दिसते; पण देव न जुळते तर त्या उठून चुलीकडे गेल्या असत्या असे मला वाटत नाही. देव भिन्न निघते तर ती सोयरीक ठरली असती, आणि सोयरिकीतही खाऊ घालावेच लागते. त्या रचनेत कोणत्याही आकड्याला परका हे उत्तर नाही. त्या भुईवर बसल्या त्याच क्षणी नाते घडू लागले होते. आकड्याने त्याला फक्त नाव दिले. सरांनी रकाना कोरा ठेवला तोही याच समजुतीने ठेवला असावा: नाते हे दाखल करून घेण्याची गोष्ट नाही, ते रुजू व्हावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीला मी पुन्हा तिथे होतो. बाप न्यावयास आला. धान कापणीला आले होते; धान निघाले की घरची सगळी मिरचीला खम्ममकडे जाणार, होळीपर्यंत गावात कोणी नाही, म्हणून सुट्टी संपली की पोरगा परत इथेच, असे त्याने सरांना सांगितले. सरांनी सहामाहीचे गुण दाखवावे म्हणून पत्रक पुढे केले. त्याने ते हातात घेतले, मान डोलावली, घडी घालून खिशात ठेवले. मग विचारले, ‘जेवते का जी पोरगा?’

सरांना उत्तर ठाऊक होते. पण ते उत्तर त्यांनी दिले नाही. त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून मावशींना हाक मारली, आणि त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. दोघांचे बोलणे गोंडीत झाले. त्यातला देवांचा आकडा तेवढा मला कळला, आणि तो ऐकताच बापाने खांद्यावरचे फडके काढून हातात घेतले. ओसरीच्या कोपऱ्यात मुलगा करदोड्याची गाठ सोडवीत होता. दोन गाठींपैकी एक आता किल्लीच्या मळाने काळी पडून इतकी आवळली होती, की त्याला ती दातांनी सोडवावी लागली.